शनिवार सकाळचा हॉल

ही गोष्ट मी शिरीषलाही सांगितलेली नाही. मी चहाचा कप ओट्यावर कसा ठेवते त्यावरून माझ्या मनात काय चाललंय ते ओळखणारा माझा नवरा — त्यालाही नाही. माझ्या मुलीला, ईशाला, तर नाहीच. तिला कळलं तर... नको, ते नंतर. आधी तान रोसा कोण ते सांगते. त्यांच्याबद्दल बोलायला मला आवडतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, जे सांगायचंय ते जितकं पुढे ढकलता येईल तितकं मला ढकलायचंय. तुमच्या लक्षात आलंच असेल.

'तान' हे काही त्यांचं नाव नव्हे. आपण कसं मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाही, मावशी, काकू असं काहीतरी जोडतो, तसं त्यांच्या भाषेत 'तान'. पॅसिफिक महासागरात ग्वाम नावाचं बेट आहे. अमेरिकेच्या ताब्यातलं, नकाशावर टाचणीचं टोक ठेवलं तर झाकलं जाईल एवढंसं. तिथल्या मूळ माणसांची भाषा चामोरु. हे सगळं मला तरी कुठे ठाऊक होतं? मी अकोल्याची. लग्न करून ग्लासगोला आलेली, हॉस्पिटलात अपॉइंटमेंट्सच्या डेस्कवर बसणारी. एका शनिवारी स्विमिंग पूल बंद निघाला, ईशा रडकुंडीला आलेली, बाहेर पाऊस. समोरच्या चर्चच्या हॉलमधून गाण्याचा आवाज येत होता, म्हणून आत शिरलो. बस, एवढंच.

आत सातआठ माणसं. दोन रिटायर्ड शिक्षिका, एक फिलिपिनो नर्स, केलीमध्ये, म्हणजे इथल्या लोकनाचाच्या जलशात, अकॉर्डियन वाजवणारा एक बस ड्रायव्हर, आणि मधोमध फुलाफुलांच्या ड्रेसमधल्या, बुटक्या, रुंद, करड्या केसांच्या तान रोसा. त्यांनी आम्हाला नावं विचारली नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, आधी भाषेचं नाव म्हणून दाखवा. सगळे चहातल्या 'च'ने म्हणायचे. मी म्हटलं ते चाकातल्या 'च'ने, आपण चमचा म्हणतो ना, तसं. मला वाटलं त्या तसंच म्हणाल्या, म्हणून मी म्हटलं. त्या चालत आल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी.

त्या शहरात इतकी वर्षं काढून, स्वतःच्या भाषेचं नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून नीट ऐकलं नव्हतं त्यांनी. आणि मी — मला ते फुकट मिळालेलं. अकोल्याच्या शाळेत शिकलेला एक 'च'. त्या दिवसापासून मी त्यांची लाडकी. वंदना म्हणता यायचं नाही, म्हणून त्या मला 'वांदा' म्हणायच्या. मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते सांगितल्यावर हसून हसून त्यांना ठसका लागला. शिरीष तर अजून घरात काही बिघडलं की म्हणतो, बोलवा वांदाला.

त्यांच्याबद्दल काय काय सांगू? लहानपणी शाळेच्या आवारात चामोरुतला एक शब्द जरी तोंडातून गेला तरी बाई उन्हात भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. घरी मात्र आजी आणि शेजारच्या बायका चटया विणता विणता गायच्या. एकीने चार ओळी टाकायच्या, दुसरीने त्याच चालीत, तिथल्या तिथे जुळवून, उत्तर फेकायचं. चिडवणं, प्रेमाच्या कागाळ्या, सासूची निंदा, सगळं त्यातच. मी म्हटलं, हे तर आमच्या उखाण्यासारखं. फक्त आमच्यात एकीने घेतला की संपलं, तुमच्यात भांडण सुरू होतं. हे त्यांना फार आवडलं.

पुढे जहाजावरच्या एका स्कॉटिश इंजिनियरशी लग्न झालं. त्याचं नाव ॲलेक. त्याच्याबरोबर त्या ग्लासगोला आल्या आणि एका प्रायमरी शाळेत वर्षानुवर्षं डिनर लेडी, म्हणजे मुलांना दुपारचं जेवण वाढणारी बाई, होत्या. मूल झालं नाही. घरात ॲलेकशी इंग्रजी, बाहेर इंग्रजी. तो गेला, आणि काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण आता केटलशीसुद्धा इंग्रजीतच बोलतोय. "मी घाबरले गं," त्या मला म्हणाल्या होत्या. "म्हटलं, मी मेले तर देवाशी कुठल्या भाषेत बोलू?" त्याच आठवड्यात त्यांनी तो हॉल बुक केला. शनिवार, सकाळी दहा ते बारा.

त्यांचा नियम एकच: आधी तोंड, मग पाय. शब्द जिभेवर बसल्याशिवाय गाणं नाही, आणि गाण्यात उत्तर देता आल्याशिवाय नाच नाही. नाच त्यांचे गमतीचे होते. कधीकाळी युरोपातून जहाजांनी तिकडे पोचलेले, तिकडच्या उन्हात सैलावलेले. त्यातल्या एकाच्या स्टेप्स तर इथल्या केलीतल्या नाचासारख्याच निघाल्या. तो ड्रायव्हर अवाक झाला. मग मी एकदा सगळ्यांना फुगडी शिकवली. त्या दोन शिक्षिका सत्तरीच्या, गुडघ्यांच्या तक्रारी असलेल्या, आणि तान रोसांनी त्यांचे हात धरून त्यांना असं गरागरा फिरवलं की मॉरीन धावत आली. मॉरीन म्हणजे हॉलची बुकिंग्ज बघणारी बाई. तिला वाटलं कोणी पडलं.

आम्ही तिथे तीन-चार वर्षं गेलो. आमच्या घरातलं शनिवारचं जेवणसुद्धा बदललं. लिंबू, नारळ आणि हिरव्या मिरचीत कालवलेलं चिकन. आमच्याकडे अकोल्याला नारळ म्हणजे देवापुढे फोडण्यापुरता, इथे तो आठवड्याला खोवायला लागले. त्या आमच्याकडे जेवायला यायच्या, शिरीषला ताट उचलू द्यायच्या नाहीत, ईशाच्या केसांना तेल लावायच्या. सख्खी आत्या असती तर काय वेगळं केलं असतं?

आणि मेगन. तिच्याबद्दल सांगायलाच हवं. तिशीतली मुलगी, डंडीहून पहाटेची बस धरून यायची. तिची आई ग्वामची होती, मेगन अगदी लहान असताना वारली. बापाने दुसरं लग्न केलं, घरात आईचा फोटोसुद्धा राहिला नाही. हिच्यापाशी उरली होती अंगाईची एक ओळ. अर्थ माहीत नाही, शब्द कुठे तुटतात ते माहीत नाही, नुसता आवाज. तान रोसांनी ती ऐकली आणि त्यांना लगेच समजली. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. पण त्यांनी अर्थ सांगितला नाही. म्हणाल्या, तुझ्या आईने एक ओळ टाकली आहे. तिचं उत्तर तू तुझ्या शब्दांत देशील, त्या दिवशी तुला वेगळा अर्थ सांगावा लागणार नाही. मेगन एकेक शब्द गोळा करत होती. घाई नव्हती. कुणालाच नव्हती.

आता मी तिथे येतेय. थोडं थांबा हं.

आमच्या मंडळाची मराठी शाळा होती. म्हणजे अजून आहे. चाळीसेक मुलं, दर शनिवारी. ज्या शाळेत ती भरायची तिथलं बांधकाम निघालं आणि आम्हाला वर्ग सोडावे लागले. मंडळाच्या मीटिंगमध्ये सगळे हवालदिल. आणि मी — मला कुणी विचारलंही नव्हतं — मी उभी राहून म्हणाले, "जागेचं माझ्यावर सोडा." टाळ्या पडल्या. आमचे अध्यक्ष काळेकाका म्हणाले, वंदना आहे म्हणजे चिंता नाही. हे शब्द मला किती गोड लागले ते कसं सांगू? डेस्कवर दिवसभर लोकांचं ओरडणं ऐकणारी मी. माझ्यामुळे चिंता नाही असं आजवर कोण म्हणालं होतं?

सोमवारी मी मॉरीनकडे गेले. ती म्हणाली, शनिवार दुपारी वाढदिवसांच्या पार्ट्या असतात, रविवारी चर्चच.

"आणि सकाळी?"

"सकाळ रोझाची आहे, हेन," मॉरीन म्हणाली. ग्लासगोत बायकांना असं प्रेमाने 'हेन' म्हणतात. "ती आहे तोवर मी ती कुणाला देणार नाही."

मी तेव्हाच घरी जायला हवं होतं. किंवा सरळ तान रोसांकडे. त्यांना विचारलं असतं तर? त्या मागच्या लहान खोलीत गेल्या असत्या, वेळ बदलली असती, नाहीतर सरळ नाही म्हणाल्या असत्या — तो त्यांचा हक्क होता. मी विचारलं नाही. मी मॉरीनच्या टेबलावर हात ठेवला, आवाज खाली आणला, आणि म्हणाले, "त्या थकल्या आहेत, मॉरीन. बंद करायचं म्हणत होत्या. पण तुला सांगायला त्यांना जड जातंय. माझं नाव घेऊ नकोस हं."

हे मी म्हणाले. मी. एवढ्या सहज की मलाच नवल वाटलं. त्यातला एकही शब्द खरा नव्हता. आदल्याच शनिवारी त्या आम्हा सगळ्यांना दमवून वर हसत होत्या.

मंडळासाठी केलं, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगितलं. चाळीस मुलं एकीकडे, सातआठ माणसं दुसरीकडे, भाषा आपली, वगैरे. ते नव्हतं. निदान तेवढंच नव्हतं. खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते सांगायला मला जास्त लाज वाटते.

ईशा तान रोसांची झाली होती. घरात माझ्याशी इंग्रजी बोलायची. मराठी आलीच तर "माझी पाय दुखतो" अशी. पण चामोरुत ती गाण्याला गाण्याने उत्तर द्यायची, तेही चिडवणारं, आणि सगळा हॉल हसायचा. त्यांच्यात मोठ्यांना भेटलं की वाकून त्यांच्या हाताच्या पाठीला नाक लावायचं असतं, नुसता एक हलका श्वास. आपल्याकडच्या नमस्कारासारखं. ईशा ते न सांगता करायची. त्या उन्हाळ्यात माझी आई अकोल्याहून आली. एअरपोर्टवर व्हीलचेअरमध्ये बसलेली, हातात ईशासाठी विणलेला स्वेटर. आणि ईशा लांबूनच म्हणाली, "हाय आजी." आई महिनाभर राहिली. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या. जाताना आई मला म्हणाली, "पोर गोड आहे गं. काय बोलते ते कळलं असतं तर..."

मला तान रोसांचा राग यायला लागला होता. हे मी आज लिहितेय म्हणून दिसतंय. तेव्हा मी त्यांना डबे नेऊन देत होते. माझ्या मुलीच्या तोंडात त्यांनी त्यांची भाषा घातली आणि माझी बाहेर राहिली, असं काहीतरी मनात होतं. त्यांनी काय केलं होतं? शिकवलं होतं, नीट आणि मन लावून. मी ते केलं नव्हतं, एवढंच. आणि त्याची शिक्षा मी त्यांना दिली.

मॉरीन वाईट बाई नाही. तेच वाईट झालं. ती वाईट असती तर तिने नुसतं एक ईमेल टाकलं असतं आणि तान रोसा भांडल्या असत्या. मॉरीनने केक आणला. फुलं आणली, फुगे लावले, सगळ्यांच्या सह्या घेऊन 'हॅपी रिटायरमेंट'चं कार्ड केलं. त्या शनिवारी तान रोसा नेहमीसारख्या चाकांची पिशवी ओढत आल्या. त्यात नाचायच्या करवंट्या आणि जुना स्पीकर. दारातच थबकल्या. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. मीही.

मॉरीनने त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, आता आराम कर, रोझा, आम्हाला सगळ्यांनाच दिसतंय, उगाच अवसान आणायची गरज नाही. तान रोसा काहीतरी बोलायला गेल्या — "पण मी —" आणि त्यांनी आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. मेगन रडत होती. तो ड्रायव्हर खाली बघत होता. प्रत्येकाला वाटत होतं, हा त्यांचाच निर्णय आहे आणि तो त्यांनी आपल्याला सांगितला नाही. माझ्यापर्यंत त्यांची नजर आली तेव्हा मी केककडे बघत होते.

मग त्या हसल्या. पर्स ठेवली, सुरी घेतली, आणि केक स्वतः कापून प्रत्येकाला वाढला, ईशाला कोपऱ्यातला मोठा तुकडा. शाळेतल्या मुलांना वाढायच्या तसा, एकालाही न चुकता. स्वतः खाल्ला नाही. पिशवी उघडलीच नाही.

आम्ही एकाच बसने घरी जायचो. ईशा मागच्या सीटवर खिडकीला तोंड लावून बसली होती. तान रोसा माझ्या शेजारी, मांडीवर फुलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वांदा, तू मला खरं सांगशील. मी थकलेली दिसते का?"

मॉरीनशी बोलले ते एक वाक्य. ते परत घेता आलं असतं. मी 'नाही' म्हणाले असते तर त्या पुढच्या स्टॉपवर उतरून परत गेल्या असत्या, मॉरीनला म्हणाल्या असत्या की केक छान होता, पुढच्या शनिवारी भेटू. मला हे माहीत होतं. बसमध्ये तेव्हाही माहीत होतं. आणि परत गेल्या असत्या तर मॉरीनने माझं नाव सांगितलं असतं, हेही माहीत होतं.

मी म्हणाले, "थोड्या दिसता, तान. गेले काही महिने."

'गेले काही महिने' कशाला? कुणी विचारलं होतं? पण नुसतं 'थोड्या' खोटं वाटलं असतं. मी ते नीट बसवलं.

त्यांनी मान हलवली. माझ्या हातावर थोपटलं. "बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या. "बाकी कोणी बोललं नसतं."

पुढच्या महिन्यात आमची शाळा त्या हॉलमध्ये भरली. काळेकाकांनी नारळ फोडला, माझा सत्कार केला. शाल घातली. मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो अजून आहे.

आणि तान रोसा थकायला लागल्या. तुम्ही म्हणाल, वय झालं होतं. असेलही. पण मी पाहिलंय. जी बाई बसमागे धावायची ती कठड्याला धरून चालायला लागली. कारण थकलीस असं सांगितलं होतं ना तिला. आरशात बघून म्हणायच्या, हो गं, डोळ्यांखाली बघ. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी त्यांना बोलावलं — बोलावलं, बघा! — आणि त्या पहिल्या रांगेत बसून प्रत्येक कवितेला टाळ्या वाजवत होत्या. एक शब्द कळत नव्हता. नंतर म्हणाल्या, "तुमची मुलं 'च' किती छान म्हणतात."

मेगनचा फोन आला. तिने मला विचारलं, कारण मी त्यांच्या सगळ्यात जवळची. म्हणाली, त्यांच्या घरी जाऊन शिकले तर चालेल का, महिन्यातून एकदा, जास्त त्रास देणार नाही. मी काय म्हणाले? म्हणाले, त्यांना आता विश्रांती हवी आहे, मेगन, तू विचारलंस तर त्या नाही म्हणू शकणार नाहीत, म्हणून तू विचारू नकोस. दोघी भेटल्या असत्या, बोलल्या असत्या, एकीने म्हटलं असतं मी कुठे असं म्हणाले होते — त्याची मला भीती होती. मेगनने आभार मानले. पुन्हा फोन केला नाही. भली मुलगी. मध्यंतरी एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवर ट्रेन बदलताना भेटली, बरोबर दोन लहान मुलं. तान रोसांची खुशाली विचारली. तिच्या मुलीने काहीतरी गुणगुणलं, तीच ओळ. मेगन हसून म्हणाली, अजून अर्थ माहीत नाही, पण चाल तरी पुढे गेली. मी म्हटलं, हो ना.

ईशाचं विचारताय? ईशा मराठी छान बोलते आता. वर्षभर धुसफुसली, मग रुळली. एडिनबराला युनिव्हर्सिटीत आहे. आजीशी फोनवर तासतास बोलते, कधी शब्दाचं लिंग चुकतं, आजी खुदकन हसते. लोक माझं कौतुक करतात: परदेशात राहून मुलीला भाषा दिलीत. मी 'थँक यू' म्हणते.

तान रोसांनी नंतर घर विकलं आणि ग्वामला भाचीकडे, तेरेसाकडे, राहायला गेल्या. मी एअरपोर्टवर सोडायला गेले होते. मी त्यांच्या हाताला नाक लावलं. हाताला खोबरेल तेलाचा आणि साबणाचा वास येत होता. त्यांनी माझं डोकं छातीशी घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मागची माणसं वळसा घालून जात होती. तेव्हा तरी सांगायचं. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा, मागे कोंबडे ओरडायचे, त्या चिंचेच्या झाडाखाली बसलेल्या असायच्या, मला चामोरुत बोलायला लावायच्या, चुका काढायच्या. इतके रविवार. त्यातल्या एखाद्या रविवारी तरी? मी त्यांना हवापाणी विचारायचे.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेतच. तेरेसाचा फोन आला, आणि आम्ही दोघी रडून झाल्यावर ती बोलत राहिली. म्हणाली, मावशी इथे आली तेव्हा गावातल्या शाळेची माणसं घरी आली होती. आता इथे मुलांना शाळेतच चामोरु शिकवतात. ज्या भाषेसाठी मावशीला उन्हात उभं केलं तीच. पण ती जुनी सवाल-जवाबाची गाणी येणारं कोणी फारसं उरलेलं नाही. त्यांनी मावशीला हात जोडले, आठवड्यातून एकदा येऊन नुसती बसा म्हणाले. पुन्हा पुन्हा आले. ती नाही म्हणाली. म्हणाली, मी रिटायर झाले, माझ्याच्याने आता व्हायचं नाही.

"आम्हाला वाटायचं तिला जमेल," तेरेसा म्हणाली. "घरात तर दिवसभर गायची. पण ती सांगायची, स्कॉटलंडमध्ये सगळे माझं मन राखत होते, एकट्या वांदाने मला खरं सांगितलं. ती नसती तर मी हसं करून घेतलं असतं."

मी फोन कानाला धरून उभी होते. खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी आली होती, तिचा आवाज येत होता. तेरेसा म्हणाली, "ऐकू येतंय ना?" मी म्हटलं, येतंय.

त्यांच्यात माणूस गेलं की काही दिवस रोज संध्याकाळी घरी प्रार्थना असते. त्यांची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. एका दिवशी तेरेसाने मला व्हिडिओवर घेतलं, आणि खोलीभर बसलेल्या माणसांना सांगितलं की ही वांदा. माणसं माझ्याकडे बघून हसली, काही बायकांनी हात हलवले. पुढे चटईवर शाळेच्या गणवेशातली मुलं बसली होती. दोन शब्द बोल म्हणाले. मी चामोरुत बोलले. म्हणाले, त्यांनी मला आईसारखं प्रेम दिलं, त्यांनी मला ही भाषा दिली, माझं घर त्यांच्या गाण्याने भरलं. खोलीत हुंदके ऐकू येत होते. एक म्हातारे गृहस्थ तेरेसाला म्हणाले, हिचे उच्चार किती स्वच्छ आहेत.

रोसा थकल्या नव्हत्या. एवढं एक वाक्य होतं. त्याला लागणारे सगळे शब्द मला येत होते, त्यांनीच शिकवले होते. मी ते बोलले नाही. सगळ्यांचे आभार मानले आणि कॉल बंद केला.